दिवे आहेत, ऊबही आहे. मग ड्रॅगन मलूल का?

वाचकाचं पत्र

मुलाच्या हट्टाखातर आम्ही मे महिन्यात बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा, घेतला. नाव शेरू, आता साधारण आठ महिन्यांचा. राहायला इंग्लंडमध्ये, रेडिंगला. शेरूची पेटी लाकडी आहे, चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, समोर काचेची सरकती दारं. पेटीसोबतच आलेला यूव्हीबीचा (अतिनील किरणांचा) पिळाचा बल्ब डाव्या कोपऱ्यात आहे. उजवीकडे 60 वॉटचा दिवा, मधल्या भागात वाळूखाली हीट मॅट, आणि रात्री गारठू नये म्हणून लाल दिवा. काचेवर चिकटवलेलं गोल थर्मामीटर 32 दाखवतं. ऑक्टोबरपासून शेरू नीट खात नाही. रंग काळपट झालाय, दिवसभर मॅटच्या जागी वाळूवर पोट टेकून पडलेला असतो. मागच्या पायांची बोटं अधूनमधून थरथरतात. दुकानदार म्हणाला, हिवाळ्याची झोप असेल, काळजी करू नका. त्यात डिसेंबरमध्ये तीन आठवडे साताऱ्याला जायचंय. नेमकं काय बदलू?

— एक आई, रेडिंग

आमचं उत्तर

ताई, बोटं थरथरतात हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण आम्ही तिथूनच सुरुवात करतो. दिव्यांचं काय करायचं ते पुढे सविस्तर सांगतो, तरी आज पहिलं काम फोन उचलण्याचं. थरथर, भूक मंदावणं आणि मरगळ एकत्र दिसली की रक्तातलं कॅल्शियम उतरल्याची शंका घ्यायची. याच वाटेनं पुढे हाडं मऊ पडतात, जबडा लवचिक होतो, पाय वाकतात, झटके येतात. व्हेट सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेलाच हवा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात तसा कुणी असतोच असं नाही, म्हणून वेळ घेतानाच विचारून घ्या. जाताना पेटीचे फोटो, प्रत्येक बल्बवर छापलेल्या मजकुराचा फोटो आणि ताज्या शीचा नमुना न्या. एक्स-रे आणि रक्ततपासणीनं हाडांचं चित्र कळेल, शीच्या तपासणीत जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) कळतील.

तोवर दोन गोष्टी करू नका. एक, चिमट्यानं तोंड उघडून बळंच भरवू नका. अंगात ऊब नसलेल्या ड्रॅगनच्या पोटातलं अन्न पचत नाही, तसंच पडून राहतं. दोन, घाबरून डी-3 जीवनसत्त्वाची पावडर दुप्पट करू नका. उजेडातून कातडीत तयार होणारं डी-3 गरजेपुरतंच बनतं, जास्तीचं उजेडातच मोडतं. तोंडावाटे दिलेल्या डी-3 ला असा लगाम नाही, ते अंगात साठून अपाय करतं.

दुकानदाराचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. मोठे ड्रॅगन हिवाळ्यात सुस्तावतात, काही आठवडे झोपतातही. पण आठ महिन्यांचा, थरथरणारा आणि काळपट पडलेला प्राणी झोपेला आलाय असं व्हेटनं तपासल्याशिवाय मानू नका. झोपणारा ड्रॅगन अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात जाऊन निवांत पडतो. तुमचा शेरू उबेला चिकटून पडलाय, म्हणजे त्याला ऊब हवी आहे आणि पुरेशी मिळत नाही.

आता पेटीकडे वळू. तुमच्याकडे वस्तू कमी नाहीत. घोळ आहे तो जागांचा. यूव्हीबी डावीकडे, दिवा उजवीकडे आणि ऊब खालून, मधोमध. शेरूला ऊब हवी तर उजेड सोडावा लागतो आणि उजेड हवा तर ऊब. निसर्गात त्याच्यावर ही वेळ येत नाही. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. आपल्याकडे कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा याच्याच कुळातला. दोघांचीही सकाळ उंचवट्यावर चढून पाठीवर ऊन घेण्यात जाते. त्या उन्हात लख्ख उजेड, ऊब आणि अतिनील किरण एकाच दिशेनं, एकाच वेळी अंगावर पडतात. यूव्हीबीमुळे कातडीत डी-3 चं आधीचं रूप तयार होतं आणि त्याचं डी-3 व्हायला अंगाची ऊब लागते. ते डी-3 यकृत आणि मूत्रपिंडातून जाऊन कामाचं झालं की आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. ही साखळी कुठेही तुटली तर किड्यांवर कितीही पांढरी पावडर भुरभुरा, हाडांपर्यंत ती पोचत नाही.

म्हणून नियम एकच: यूव्हीबी, ऊब आणि उजेड, तिन्ही वरून आणि पेटीच्या एकाच टोकाला. दुसरं टोक थंड आणि सावलीचं. शेरू दिवसभर या दोन टोकांमध्ये ये-जा करून हवं तेवढं घेईल.

यूव्हीबी: पिळाचा बल्ब काढा, ट्यूब लावा

पिळाच्या छोट्या बल्बचा यूव्हीबी अगदी लहान वर्तुळात पडतो आणि अंतर वाढलं की झपाट्यानं घटतो. चार फुटांच्या पेटीत तो कोपऱ्यापुरता उरतो. त्यातून तुमचा बल्ब मे महिन्यापासून चालू आहे. डोळ्याला तो आजही तेवढाच प्रखर दिसेल, पण दिसणारा उजेड आणि यूव्हीबी सोबतीनं कमी होत नाहीत. बल्ब लागतोय म्हणजे चालतोय, हा समज या छंदातला सगळ्यात महागडा.

तुम्हाला हवी आहे टी-5 एचओ प्रकारची (बारीक, जास्त प्रखर) सरळ ट्यूब. आर्केडिया कंपनीची 12 टक्के यूव्हीबीची किंवा झू मेड कंपनीची 10.0, दोन्ही वाळवंटी प्राण्यांसाठीच असतात. 6 टक्के किंवा 5.0 ही जंगलात सावलीला राहणाऱ्यांसाठी, ती घेऊ नका. चार फुटांच्या पेटीला 39 वॉटची साधारण 34 इंची ट्यूब पुरते. ती गरम टोकाच्या भिंतीपासून सुरू करा, म्हणजे थंड टोकाकडचा फूटभर भाग आपोआप सावलीत राहील. पूर्ण लांबीची ट्यूब लावून सगळीकडे सारखा यूव्ही देण्याचा मोह टाळा, त्याला लपायलाही जागा हवी.

ट्यूबसोबत तिचा बॅलास्ट (वीजप्रवाह आवरणारा भाग) असलेलं फिटिंग आणि मागे चकचकीत रिफ्लेक्टर घ्या. घरातल्या एलईडी बॅटनमध्ये ही ट्यूब चालत नाही. रिफ्लेक्टर नसेल तर वर आणि मागे जाणारे किरण लाकडात जिरतात आणि खाली येणारा यूव्ही जवळजवळ निम्मा होतो. नव्या रिफ्लेक्टरवर बहुधा संरक्षक फिल्म चिकटवलेली असते, ती सोलून काढा. ती तशीच ठेवलेली बऱ्याच घरांत दिसते. ट्यूबखाली पारदर्शक प्लास्टिकचं झाकण असेल तर तेही काढा. काच आणि अॅक्रिलिक यूव्हीबी अडवतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन याच कारणानं कामाचं नाही. बारीक तारेची जाळीही तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त खाते. तुमची लाकडी पेटी असल्यानं ट्यूब आतच, छताला बसेल, जाळीचा प्रश्न येत नाही.

अंतराचा हिशेब दगडापासून करू नका, पाठीपासून करा. 12 टक्के ट्यूब, मध्ये जाळी नाही, रिफ्लेक्टर आहे, तर शेरूची पाठ ट्यूबपासून 30 ते 38 सेंटिमीटरवर यायला हवी. तीसच्या आत नको. तुमच्या पेटीत हे सहज जमतं. आतली उंची साधारण 58 सेंटिमीटर, त्यातले चारेक सेंटिमीटर फिटिंगमध्ये जातात, म्हणजे ट्यूब तळापासून 54 वर. ऊन खायचा ओटा 15 सेंटिमीटर उंच केला आणि शेरूच्या अंगाची जाडी पाचेक धरली, तर पाठ 20 वर येते आणि अंतर 34 उरतं. पेटी मोजून हाच हिशेब तुमच्या आकड्यांनी करा.

खात्री करायची तर सोलरमीटर 6.5 नावाचं उपकरण थेट यूव्ही निर्देशांक दाखवतं. ते महाग आहे, एका ड्रॅगनसाठी विकत घ्या असं आम्ही म्हणणार नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या चांगल्या दुकानात ते असतं, कुणी उसनं दिलं तर पाठीच्या उंचीवर धरून पाहा. 3 ते 5 च्या मध्ये आकडा आला की झालं. प्राण्यांना किती यूव्ही लागतो याचे चार गट करणारे फर्ग्युसन (कॉलेजवाले नव्हेत) बिअर्डेड ड्रॅगनला तिसऱ्या गटात धरतात, म्हणजे उघड्यावर किंवा अर्धवट सावलीत ऊन खाणारे. शेरू फिक्या किंवा पारदर्शक कातडीच्या जातीचा असेल, खवले नसलेला असेल, तर मात्र 2 ते 3 पासून सुरुवात करा, त्यांची कातडी लवकर भाजते.

ट्यूब बसवली की तिच्या टोकाला मार्करनं तारीख लिहा आणि वर्षभरानं ती बदला, जळत असली तरी. मीटर हाताशी असेल तर आकडा 3 च्या खाली उतरेपर्यंत वाट पाहता येते. आणखी एक, नावगाव नसलेले ऑनलाइन स्वस्त 'यूव्हीए प्लस यूव्हीबी' बल्ब घेऊ नका. काहींमध्ये यूव्हीबी नसतोच आणि काहींमध्ये डोळ्यांना इजा करणारे आखूड लहरींचे किरण निघतात.

ट्यूब छतालाच हवी, बाजूच्या भिंतीला नको. ड्रॅगनच्या डोळ्यांवरची कपाळपट्टी वरून येणारा प्रकाश अडवते. आडवा आलेला यूव्ही सरळ डोळ्यात जातो. डोळे मिटून बसणं, चोळणं, पापण्या सुजणं हे त्याचं लक्षण.

ऊब: मॅट आणि लाल दिवा आजच बाहेर

हीट मॅटचा प्लग आत्ताच काढा. ऊन अंगावर वरून येतं हे या प्राण्याला जन्मजात ठाऊक आहे. त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका दिसेल, तो प्रकाश ओळखणारा तिसरा डोळाच. खालून येणाऱ्या उष्णतेचा त्याला अंदाज नीट येत नाही, आणि वाळूखाली मॅट असेल तर उष्णता कोंडून ती ठरल्यापेक्षा फार तापते. पोट भाजलेले ड्रॅगन व्हेटकडे येतात ते बहुतेक अशाच मॅटमुळे किंवा गरम होणाऱ्या नकली दगडामुळे. शेरूला उचलून पोट नीट पाहा. तपकिरी, कडक किंवा ओलसर चट्टा दिसला तर व्हेटला दाखवा. पोटावर काळ्या रेघा आणि गोल नक्षी असेल तर तो भाजल्याचा डाग नाही, ताणामुळे किंवा थंडीमुळे उमटलेली रंगछटा आहे, ऊब मिळाली की जाते.

वरून ऊब द्यायला साधा पांढरा हॅलोजन दिवा उत्तम. हॅलोजनच्या उष्णतेतला मोठा भाग कातडीखाली खोल शिरणारा असतो, उन्हासारखाच. काळ्या सिरॅमिक हीटरची उष्णता वरवर राहते. तो रात्रीच्या कामाचा, दिवसाच्या नाही. दिवा 'फ्लड' प्रकारचा घ्या, 'स्पॉट' नको. गरम पट्टा शेरूच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सगळं अंग झाकेल एवढा हवा. अरुंद झोत पाठीचा एकच भाग भाजतो आणि बाकी अंग गारच राहतं. मग तो तासन् तास तिथे बसतो आणि आपल्याला वाटतं, मजेत आहे.

दोन फूट उंचीच्या लाकडी पेटीत 75 वॉट बहुधा पुरतात, उन्हाळ्यात 50 वर यावं लागतं. होल्डर सिरॅमिकचाच हवा. प्लास्टिकचा होल्डर हॅलोजनच्या उष्णतेनं मऊ पडतो, तडकतो, आग लागू शकते. बल्बभोवती तारेचा पिंजरा स्क्रूनं पक्का बसवा, ड्रॅगन उडी मारून बल्बला लटकतात आणि पोटानं चिकटतात. बल्बचं तोंड पाठीपासून 20 ते 25 सेंटिमीटर दूर आणि ट्यूबच्या शेजारीच असू द्या, म्हणजे दोन्हींचा झोत एकाच ओट्यावर पडेल.

आता तापमान. ऊन खायच्या जागेच्या पृष्ठभागाचं 40 ते 42 अंश सेल्सिअस. गरम टोकाची हवा 30 ते 34. थंड टोक 22 ते 26. रात्री 18 ते 22, 16 पर्यंत उतरलं तरी बिघडत नाही. तुमच्या काचेवरचं गोल थर्मामीटर यातलं काहीच सांगत नाही, ते काचेचं तापमान सांगतं, आणि तेही अंदाजे. ते कचऱ्यात टाका. त्याऐवजी दोन वस्तू घ्या: पृष्ठभाग मोजायला इन्फ्रारेड गन, आणि वायरचा प्रोब (तापमान टिपणारं टोक) असलेली दोन डिजिटल थर्मामीटरं, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला, किमान-कमाल आकडा साठवणारी. गन जवळून, फुटाच्या आत धरून, शेरू नसताना ओट्याच्या मधोमध आणि चारही कडांना मारा. मध्ये 41 आणि कडेला 33 असं आलं तर छान. सगळीकडे 41 आलं तर त्याला एक पाऊल मागे सरायलाही जागा नाही.

ओट्यासाठी स्लेटची फरशी वापरा. ती उष्णता धरते, पुसायला सोपी आणि नखं झिजवते. तिच्याखाली आधार पक्का हवा, ड्रॅगन खाली खणून घुसतात आणि फरशी अंगावर पडते. वाळू सध्या काढून टाका. आजारी, कमी ऊब मिळालेला प्राणी खाताना वाळू गिळतो आणि ती आतड्यात अडकते. वर्तमानपत्र किंवा किचन रोल पसरा, शीवरही लक्ष ठेवता येईल.

थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट म्हणजे ठरवलेलं तापमान राखणारं उपकरण. हॅलोजनला 'डिमिंग' प्रकारचा थर्मोस्टॅट लागतो, तो दिवा हळूहळू मंद-प्रखर करतो. मॅटसाठी मिळणारा ऑन-ऑफ प्रकार लावला तर दिवा दिवसभर चालू-बंद होत राहील, बल्ब लवकर जाईल आणि शेरू भेदरेल. पल्स प्रकार सिरॅमिक हीटरसाठी. यूव्ही ट्यूब आणि एलईडी कुठल्याच थर्मोस्टॅटवर लावायचे नाहीत, ते थेट टायमरवर.

थर्मोस्टॅटचा प्रोब कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे. तो ओट्याच्या बाजूला, पाठीच्या उंचीवर, भिंतीला क्लिपनं घट्ट बसवा. सरळ दिव्याखाली नको. आता थर्मोस्टॅटवर 34 ठेवा, दोन तास थांबा, ओट्यावर गन मारा. 38 आलं तर थर्मोस्टॅट एक-दोन अंश वाढवा, 45 आलं तर उतरवा. ओट्यावर 41 आलं तेव्हा थर्मोस्टॅटवर 33 असो की 36, तो आकडा फक्त तुमच्या पेटीचा. दुसऱ्याच्या पेटीतला आकडा उचलू नका. प्रोब थंड टोकाला लावला तर दिवा ते टोक तापवायच्या नादात पूर्ण क्षमतेनं जळत राहतो आणि ओटा भाजतो. प्रोब निसटून बाहेर लोंबकळला तरी तेच. म्हणून तो क्लिपमध्ये घट्ट आहे ना, हे सकाळी पालेभाजी ठेवताना एकदा बोटानं ओढून बघा.

दिवा बहुतेक वेळ मंद, नारिंगी होऊन जळताना दिसला तर बल्ब जास्त वॉटचा आहे. एक पायरी खाली या. मंद हॅलोजन ऊब देतो, पण उजेड आणि खोल शिरणारी उष्णता दोन्ही कमी होतात. उलट पूर्ण जळूनही 41 गाठत नसेल तर आधी ओटा तीनेक सेंटिमीटर उंच करून पाहा, मगच वॉट वाढवा. ओटा हलवला की ट्यूबचं अंतरही बदलतं हे ध्यानात ठेवा, तीस सेंटिमीटरची मर्यादा पाळूनच.

ऊब, प्रकाश आणि यूव्ही एकत्र देणारे पारा-बाष्पाचे बल्बही दुकानात दिसतील. ते डिम होत नाहीत आणि दोन फूट उंचीच्या बंद लाकडी पेटीत फार तापतात. तुमच्यासाठी ते नाहीत.

रात्र आणि उजेड

लाल दिवा कशाला? ड्रॅगनला लाल प्रकाश दिसत नाही हा समज चुकीचा आहे. त्याला रंग आपल्याहून चांगले दिसतात. रात्रभर लाल दिव्यात झोपमोड झालेला प्राणी दुसऱ्या दिवशी खात नाही. रात्री अंधारच हवा. इंग्लंडमध्ये रात्री हीटिंग बंद करत असाल तर किमान-कमाल थर्मामीटर दोन-तीन रात्री पेटीत ठेवून बघा. 16 च्या खाली जात नसेल तर काहीही लावू नका. जात असेल तर सिरॅमिक हीटर, पिंजऱ्यात, पल्स थर्मोस्टॅटवर 18 ला. त्याचा उजेड पडत नाही, पण तो हाताला लागला तर फोड येईल इतका तापतो.

तिसरी वस्तू राहिली, ती लोक विसरतात: लख्ख पांढरा उजेड. यूव्ही ट्यूब आणि हॅलोजन मिळूनही पेटीत संध्याकाळच वाटते. 6500 केल्विनची एलईडी पट्टी छताला गरम बाजूनं अर्ध्या लांबीपर्यंत लावा. काहीजणांना हा चोचलेपणा वाटतो. लावल्यावर प्राण्याची हालचाल आणि भूक किती बदलते ते पाहा, मग ठरवा. सगळं टायमरवर ठेवा. सकाळी एलईडी आधी, अर्ध्या तासानं हॅलोजन आणि यूव्ही, संध्याकाळी उलट क्रम. उन्हाळ्यात 13-14 तास, हिवाळ्यात 11. सध्या मात्र शेरू सावरेपर्यंत 12 तास ठेवा. टीव्ही बघताना खोलीतला दिवा रात्री अकरापर्यंत त्याच्यावर पडत असेल तर पेटीवर चादर टाका, हवेची छिद्रं मोकळी ठेवून.

वीजबिलाची धास्ती असेल तर हिशेब असा: 75 वॉटचा हॅलोजन 12 तास पूर्ण जळाला तर 0.9 युनिट, 39 वॉटची ट्यूब 0.47, 20 वॉटची एलईडी 0.24. दिवसाला साधारण 1.6 युनिट, थर्मोस्टॅट असल्यानं प्रत्यक्षात कमीच. युनिट 25 पेन्सला धरलं तर रोजचे 40 पेन्स.

सगळं बसवल्यावर काय दिसायला हवं

पहिले दोन दिवस शेरूला खायला आग्रह करू नका, आकडे बघा. सकाळी दिवे लागल्यावर तो काळपट रंगात ओट्यावर चढून अंग पसरून चपटं करतो, हे चांगलं लक्षण. गडद रंगानं ऊन जास्त शोषलं जातं. तापला की फिका पडतो, तोंड थोडं उघडं ठेवून बसतो आणि मग उतरून थंड बाजूला जातो. ओट्यावर तोंड उघडणं योग्य. थंड टोकाला जाऊनही तोंड उघडंच असेल, काच खरवडत असेल, तर पेटी तापली आहे. थंड टोकाचं थर्मामीटर बघा. तो दिवसभर ओट्यावरून उतरतच नसेल तर ऊब कमी पडतेय. तो कधीच चढत नसेल तर एक तर जागा फार तापलेली आहे, नाहीतर चढण अवघड आहे. पायांत ताकद नसलेल्या शेरूला ओट्यापर्यंत लाकडाचा उतार करून द्या. दाढी काळी होणं हा वेगळा इशारा, ताण किंवा दुखणं. एखादवेळ असेल तर सोडा, दिवसभर असेल तर व्हेटला सांगा.

ऊब आणि उजेड सुधारला तरी थरथर एका दिवसात जात नाही. भूक आणि चपळाई काही दिवसांत परतावी. हाडांना महिने लागतात, आणि वाकलेलं हाड पूर्ण सरळ होईलच असं नाही. व्हेट कॅल्शियम देईल ते त्यांच्या मापानं द्या. पुढे रोजच्या किड्यांवर साधं, डी-3 नसलेलं कॅल्शियम आणि आठवड्यातून एकदा मल्टिव्हिटॅमिन, एवढं चांगल्या ट्यूबसोबत पुरतं.

पुढच्या उन्हाळ्यात बागेत न्याल तेव्हा काचेच्या टाकीत बसवून उन्हात कधीच ठेवू नका. काच ऊन कोंडते, काही मिनिटांत प्राणी मरतो. हवा 21-22 अंशांच्या वर असेल तेव्हा हार्नेस लावून किंवा जाळीच्या खोक्यात, अर्धी सावली ठेवून, तुमच्या डोळ्यांसमोर वीस-तीस मिनिटं. जूनच्या दुपारचं इंग्लंडचं ऊन तुमच्या ट्यूबला मागे टाकतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या उन्हाचा मात्र यासाठी काही उपयोग नाही.

आणि सातारा. शेरूच्या तपासण्या नीट येईपर्यंत त्याला शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून जाऊ नका. सरपटणारे प्राणी सांभाळणारं बोर्डिंग शोधा, काही एक्झॉटिक व्हेटही ठेवून घेतात. डिसेंबरच्या जागा लवकर भरतात, तेव्हा वेळ घेतानाच विचारा. तोवर तो बरा झाला आणि घरीच ठेवायचं ठरलं तर येणाऱ्या माणसाला भाजी-किड्यांइतकंच दिव्यांचं काम द्या. रोज एकदा ओट्यावर गन मारून आकडा फोटोसह पाठवायचा, 38 ते 43 च्या बाहेर गेला की फोन. त्याच वॉटचा एक जादा हॅलोजन पेटीजवळ ठेवा आणि तो बदलायचा कसा हे जाण्याआधी त्याच्याकडून एकदा करून घ्या: प्लग काढून, बल्ब निवल्यावर, काचेला बोट न लावता फडक्यानं धरून. टायमर वीज गेल्यावर वेळ विसरणारा असेल तर बॅटरीवाला घ्या, नाहीतर वीज एकदा ट्रिप झाली की शेरूची रात्र दुपारी सुरू होईल. घराचं हीटिंग पूर्ण बंद करून निघू नका, 16 वर ठेवा.